ठकीचं माहेर

आमच्या हिच्याइतकी हट्टी बाई या इंग्लंडच्या बेटावर दुसरी उतरलेली नाही, हे मी हॅरोच्या स्टेशनाबाहेर उभा राहून कुणालाही ओरडून सांगायला तयार आहे. ही म्हणजे माझी बायको. आता नाही ती. पण होती तेव्हा अशी होती, की आम्ही दोघांनी जोडीनं केलेलं शेवटचं साधंसुधं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मला सांगावं लागतं की आम्ही एका मोटारीचं तोंड उचललं. लोक म्हातारपणी जोडीनं देवळात जातात, मटार सोलतात. आम्ही त्या शनिवारी घरापुढच्या ड्राइव्ह-वेवर उभे होतो. दुसऱ्या दिवशी लांबचा पल्ला होता, म्हणून ती सकाळपासून इंजिनात डोकं घालून बसलेली. त्या गाडीचं बॉनेट, मडगार्ड, दिवे असं सगळं तोंड एकाच तुकड्याचं, तेही फायबरग्लासचं. ते काढून हिरवळीवर ठेवायचं आणि काम झालं की दोघांनी दोन बाजूंना धरून परत बसवायचं. वजन म्हणाल तर जेवायच्या पाटाइतकं. पलीकडून तिचं नुसतं कपाळ आणि कपाळावरचा ग्रीसचा डाग दिसत होता. "अहो, तुमची बाजू खाली. खाली म्हणते मी. पालखी उचलताय का?" असं मला झापून तिनं ते जागेवर बसवलं, दोन चिमटे लावले, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "झाली बघा ठकी तयार."

ठकी म्हणजे ती गाडी. लहान मुलींची लाकडी बाहुली असते तसलीच ती दिसायची. गुडघ्याएवढी उंच, दोनच जागा, छप्पर नाही, दारं नाहीत. आत बसायचं म्हणजे तटावरून उडी मारल्यासारखा पाय टाकायचा. जुन्या काळी इथं अशी सोय होती म्हणे, की तयार मोटार घेतली तर सरकारला कर द्यायचा, पण सुटे भाग घेऊन स्वतः जोडली तर तो वाचायचा. म्हणून कुठं कुठं शेडमधून लहान लहान कंपन्या निघाल्या, खोक्यात गाडी भरून विकणाऱ्या. गिऱ्हाइकाला गाडी कशी जोडायची ते लिहून द्यायला बंदी. मग कंपनी गाडी सुटी कशी करायची ते लिहून द्यायची आणि गिऱ्हाइकानं ते शेवटापासून वाचायचं. हे मला हिनं सांगितलं, खरं-खोटं तिला माहीत. पण तिला हे फार आवडायचं, कारण इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी चकलीची कृती विचारली की तीही बहुतेक तशीच द्यायची. ठकीची कंपनी लिंकनशरमध्ये एका पेट्रोल पंपाच्या मागं होती. बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या विकून ती बुडाली. त्यातल्या आज रस्त्यावर धावतात त्या एका हाताच्या बोटांवर, आणि त्यातलं एक बोट आमच्या ड्राइव्ह-वेवर.

हिचा बाप कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायचा. माझा जन्म गेला वेम्बलीच्या बाजूला एका ब्रेडच्या कारखान्यात, आणि हिचा गेला हॅरोत मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, काउंटरच्या मागं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला दोन गाड्यांतला फरक रंगावरून कळतो. ही घरात बसून रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकायची आणि "याची घंटा वाजली," म्हणायची. एकदा ईलिंग रोडच्या मागं एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. म्हातारा गेलेला, बायका रडत बसलेल्या. हीसुद्धा मनापासून रडत होती. तेवढ्यात बाहेर एक व्हॅन थांबली. हिचं रडणं थांबलं. "फॅनबेल्ट," एवढंच म्हणाली, उठली, बाहेर गेली, ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं, त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथून रडायला लागली. घरात तर विचारूच नका. पोळ्यांच्या डब्यात स्पार्क प्लग, पापडाच्या ताटात वाळत टाकलेले गॅस्केट. देवाची भांडी आणि कार्बुरेटरचे पितळी भाग एकाच चिंचेनं घासायची. गाळणी दोन होती, एक चहाचं, एक पेट्रोलचं, आणि कुठलं कुठलं ते फक्त तिला ठाऊक. मी सकाळचा चहा आधी हुंगायचो आणि मगच प्यायचो.

ही गाडी तिनं रिटायर झाल्यावर घेतली. वॉटफर्डला एका घरी जुनं शिलाई मशीन बघायला गेली आणि तिथं ताडपत्रीखाली ठकी दिसली. मशीन राहिलं बाजूला. गाडी घरी आली तेव्हा तांबडीलाल होती. पूजा करायची ठरली. ईलिंग रोडवरून नारळ आणला, हळदकुंकू, हार, सगळं. आता आमच्याकडं नारळ चाकासमोर जमिनीवर फोडतात. पण कराडला हिचा बाप नवा ट्रक निघाला की नारळ ट्रकच्या लोखंडी बंपरवर फोडायचा. एका दणक्यात दोन शकलं, असा त्याचा लौकिक. हिच्या अंगात बाप संचारला. मी "अगं, अगं," म्हणेपर्यंत हिनं नारळ डोक्यावर नेला आणि ठकीच्या नाकावर आपटला. खाडकन आवाज झाला. नारळ शाबूत. गाडी फुटली. नाकाचा तळहाताएवढा टवका उडून शेजाऱ्याच्या गुलाबात पडला. मला राहवेना. मी म्हटलं, "झालं? आता गाडीचा प्रसाद वाटू का?"

दुसरी कुणी असती तर रडली असती. ही गुलाबाच्या काट्यात हात घालून तो टवका घेऊन आली, उन्हात धरला आणि तिचा चेहरा असा उजळला की जणू पंचांगात लिहिलेलं खरं झालं. "अहो, हे बघा. वर लाल. त्याच्या खाली हिरवा. मग पिवळा. आणि अगदी तळाला निळा. हिची चार घरं झालीत हो!" झालं. तिथून आमच्या म्हातारपणाची दिशा ठरली. नाक तिनं स्वयंपाकघरात बसून चिकटवलं. आठवडाभर घरात रेझिनचा वास आणि आमटीला काचेची चव. पण फुटल्या जागेवर रंग काही लावला नाही. पॉलिशपेपरनं घासून तिथं चार रंगांची चार कडी दिसतील अशी ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागली.

आता गाडीचा मागचा इतिहास काढणारे लोक या देशात पुष्कळ आहेत. ते दाढ्या वाढवतात, चेसिस नंबर पाठ करतात, सरकारी कचेरीतून जुन्या मालकांची नावं मागवतात. तेवढं हिनंही केलं, रीडिंग गावी राहणाऱ्या आमच्या मुलीच्या कॉम्प्युटरवरून. पण पुढची पद्धत तिची स्वतःची. ती मालकाशी बोलायचीच नाही. फोन लावायची आणि म्हणायची, "बायकोला द्या." कारण, तिचं म्हणणं, मोटार नवऱ्याची असते, पण ती केव्हा आली आणि का गेली हे फक्त बायको सांगू शकते. नवरा सांगणार, इंजिन थकलं होतं. बायको सांगणार, जुळं झालं होतं. स्थळ काढताना आपण जशी विचारपूस करतो तशी ती करायची. घरात माणसं किती, सासू कशी होती, गाडी गॅरेजात असायची की बाहेर पावसात, गाडी गेली त्या दिवशी कोण रडलं. हिरव्या रंगाचं घर रीडिंगलाच निघालं, मुलीच्या घरापासून चालत जाण्यासारखं. तो माणूस म्हणाला, "विकली एवढं आठवतं." त्याच्या घटस्फोट घेतलेल्या बायकोला सगळं आठवत होतं. कुठल्या पार्टीत भांडण झालं, त्यानं रागानं एका रात्रीत गाडी हिरवी कशी रंगवली आणि सकाळी मांजराच्या पाठीवर हिरवा पट्टा कसा होता. निघताना हिनं त्या गोऱ्या बाईची ओटी भरली. खण आणि नारळ. बाईनं तो नारळ टीव्हीवर मांडून ठेवला आणि नाताळात आम्हाला त्याचा फोटो पाठवला, त्याला लाल टोपी घातलेली.

मी या सगळ्याच्या विरुद्ध होतो, हे सांगून टाकतो. "आपल्या पणज्याचं नाव मला माहीत नाही, आणि तू या डबड्याची वंशावळ काढतेस," असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुमच्या पणज्याला चार रंग होते का?" तरी मी बरोबर जायचो, कारण वजन लागायचं. एकटी चालवली की ठकी उजवीकडं कलायची. "तुम्ही बसलात की सरळ चालते," हे माझं संसारातलं स्थान तिनं मला चारचौघांत सांगितलेलं आहे. जुन्या मोटारींच्या क्लबच्या मेळाव्यात दाढीवाले माझ्याकडं येऊन अदबीनं विचारायचे, "सर, तुमची गाडी?" मी हिच्याकडं बोट दाखवायचो आणि म्हणायचो, "माझं फक्त वजन." नऊवारी नेसलेली बाई गाडीखालून बाहेर आली की त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. पाचवारीत त्या गाडीत पाय टाकता येत नाही म्हणून ती नऊवारी नेसायची, आणि हे लुगडं आपल्या बायकांनी असल्या मोटारींसाठीच शोधून काढलं, असं ठासून सांगायची. एका गणपतीला आमची गाडी हॉलच्या दारात आडवी लागली होती आणि जेवणाची व्हॅन आत येईना. ही आत आरतीत, किल्ली हिच्या कमरेला. शेवटी मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि तीन सभासद यांनी ठकी उचलून बाजूला ठेवली. आमच्या मंडळानं एखादी गोष्ट एकमतानं उचलल्याचं तेवढं एकच उदाहरण.

लाल, हिरवा, पिवळा सापडले. निळा सापडेना. क्लबातला मोठा दाढीवाला तर म्हणाला, कंपनीच्या रंगांत निळा नव्हताच. म्हणजे ही बॉडी मूळची नव्हे, मागाहून कुठूनतरी आणून बसवलेली असणार. हे हिला फार लागलं. मुलगी म्हणाली, "आई, हा गाडी original नसला तरी it's still lovely ना." ही म्हणाली, "तुला कुणी म्हटलं, तू हॉस्पिटलात बदललेली आहेस, तर चालेल का?"

शेवटी पहिलं घर लागलं. लिंकनशरमधलं एक खेडं. गाडी जोडणारा माणूस केव्हाच वारलेला, त्याची बायको ऐंशीच्या पुढची, एकटी. हिनं फोन लावला, नेहमीची विचारपूस सुरू केली. म्हातारी म्हणाली, "निळा रंग कुठून आला ते मला पक्कं माहीत आहे. पण फोनवर नाही सांगणार. गाडी घेऊन या, मग सांगते." हिनं खूप गोड बोलून पाहिलं. म्हातारी हलली नाही. हिला आयुष्यात पहिल्यांदा तोडीची बाई भेटली. त्यानंतर दर आठवड्याला दोघींचा फोन व्हायचा, तासतासभर, आणि प्रत्येक वेळी ही शेवटी निळ्यावर यायची आणि ती "या ना," म्हणून फोन ठेवायची.

पण जायचं कसं? हिचं हृदय तोवर अधू झालं होतं. डॉक्टरनं लांबचं ड्रायव्हिंग नको म्हणून सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, मी तुम्हाला माझ्या गाडीतून नेते. "आणि ठकी?" ही म्हणाली. "माहेर ठकीचं आहे, माझं नाही. मी रिकाम्या हातानं जाऊन काय सांगू, पोरीला घरी ठेवून आले?" मी म्हटलं, "अगं, वाटेत काही झालं तर?" ती मग म्हणाली, "एकदा तिला त्या दारात उभी करते. मग तुम्ही म्हणाल तसं. गाडीला हातसुद्धा लावणार नाही." ती खोटं बोलत होती, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. पण तिथं जायचंच, हे मात्र खरं होतं. डॉक्टरांशी भांडून, मुलीनं मागून आपल्या गाडीतून यायचं, मधे चार ठिकाणी थांबायचं, अशा बोलीवर रविवार ठरला. म्हातारीनं फोनवर विचारलं, मांस खाता का? हिनं सांगितलं, हे सगळं खातात, मी फक्त बटाटे.

त्या शनिवारी तोंड बसवून झाल्यावर आम्ही आत आलो. तिनं पिठलं केलं. जेवलो. मी ताटं धुवून बाहेरच्या खोलीत आलो, तर ती खुर्चीत बसलेली. पायांत मोजे घालत होती, एक घातलेला, एक हातात. मी म्हटलं, "दिवा लावू का?" ती बोलली नाही. मग ॲम्ब्युलन्स आली, त्या पोरांनी पुष्कळ केलं. यापेक्षा जास्त मला त्याचं लिहिता येत नाही.

सकाळी घर भरलं. मुलगी रात्रीच आली होती. मंडळाची माणसं, शेजारी, चुलीला हात लावायचा नाही म्हणून कुणी चहाचे थर्मास आणलेले. मुलगी फोन घेऊन एकेकाला कळवत होती. मी म्हटलं, "लिंकनशरला कळवलं?"

"बाबा, ते नंतर करू. It can wait."

"थांबणार कसं? म्हातारीनं बटाटे उकडायला टाकले असतील."

फोन मी घेतला. फोनवर बोलायचं काम कायम हिचं. माझं इंग्रजी ब्रेडच्या कारखान्यातलं, त्यात गोल गोल बोलायची सोय नाही. मी म्हटलं, "मी हॅरोहून बोलतोय. गाडीवाल्या बाईचा नवरा. आज आम्ही येत नाही. ती काल वारली."

मग म्हातारी म्हणाली, "रंगाचं मी मुद्दाम सांगितलं नाही हो. सांगितलं असतं तर ती कशाला आली असती? मला कुणीतरी यायला हवं होतं."

मी म्हटलं, "ती आलीच असती. तुम्हाला ती माहीत नाही."

"मग आता ऐका," म्हातारी म्हणाली, आणि सुरू झाली. गाडी खोक्यांतून आली, मालगाडीनं. नवऱ्याकडं शेड नव्हती, म्हणून म्हातारीच्या माहेरच्या बैठकीच्या खोलीत त्यानं ती जोडली. पूर्ण झाली तेव्हा दारातून निघेना. तिच्या बापानं शिव्या देत देत खिडकी चौकटीसकट काढली. रंगाला पैसे उरले नव्हते. आईच्या स्वयंपाकघराचं दार नुकतंच रंगवलेलं, त्यातला डबा उरला होता, तोच ब्रशनं लावला. निळा. कंपनीच्या रंगांत कुठून असणार? त्याच गाडीतून दोघं लग्नाला गेले. परत निघताना नवरी झोकात चढली, आणि धुराची तापलेली नळी गाडीच्या बाहेरून, कडेनं गेलेली, तिच्यावर पांढऱ्या झग्याचा मागचा घोळ पडला. धूर निघायला लागला. लोकांना वाटलं, इंजिन. सगळे इंजिनाकडं धावले. एकट्या पाद्रीबाबाला खरं काय ते दिसलं. त्यानं चर्चमधली फुलदाणी आणली आणि फुलांसकट पाणी नवरीच्या मागच्या बाजूवर ओतलं.

मी हसलो. हसलो म्हणजे काय, मोठ्यानं हसलो, पोट धरून. बैठकीची खोली एकदम गप्प झाली. चिटणीसांची बायको थर्मासचं झाकण हातात धरून तशीच उभी. मुलगी धावत आली. "बाबा? बाबा, are you all right?" मी तिला हातानं थांब म्हटलं. कारण अजून एक राहिलं होतं. ही असती तर तिनं ते सोडलं नसतं. मी विचारलं, "मग विकली कशाला?"

म्हातारी म्हणाली, "मुलगी झाली. गाडीत जागा दोनच. म्हणजे तो जाणार आणि मी घरी बसणार. त्याला एकट्यानं जायचं नव्हतं. म्हणून विकली."

खोलीत पुन्हा हळू आवाजात बोलणं सुरू झालं, कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. मग मी म्हटलं, "बाई, माझं इंग्रजी कच्चं आहे. मधलं मधलं मला कळलं नाही. मला हे सगळं नीट माहीत असायला पाहिजे. पुन्हा पहिल्यापासून सांगाल का? हळू?"

ती म्हणाली, "वेळ आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "आहे," आणि खुर्ची ओढून घेतली.